उजवा स्पीकर

दुपारची मुलतानी रंगात आली होती आणि अँप्लिफायरमधून ‘टक्’ असा आवाज आला. मग सगळं शांत. रेकॉर्ड फिरत होती, सुई तिच्या वाटेनं चालली होती, पण दोन्ही स्पीकर मुके.

“गेला,” अण्णा म्हणाले.

मी जेवणाच्या टेबलाशी पेपर तपासत बसले होते. मान वर न करताच विचारलं, “कोण गेलं?”

“हा गेला. तिसरा.” त्यांनी अँप्लिफायरवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. “तवा झालाय नुसता. कणीक मळलेली असली तर आण, दोन चपात्या निघतील.”

“तीन अँप्लिफायर खाल्ले तुमच्या स्पीकरनी. आता त्यांनाच बदला.”

“ते खात नाहीत, मागतात. देणाऱ्याच्या अंगात दम नाही, त्याला ते काय करणार?”

स्पीकर डेन्मार्कचे होते. अण्णा मिरजेला दूध-पावडरीच्या कारखान्यात इंजिनियर होते. तिथं यंत्रं बसवायला आलेला एक डॅनिश माणूस मायदेशी परतताना ते अण्णांकडे सोपवून गेला, तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. कमरेएवढ्या उंच, चहूकडून बंद अशा लाकडी पेट्या. दिसायला गरीब, पण खर्जातला सूर आला की अँप्लिफायरकडून एकदम एवढा करंट ओढायच्या, की तो बिचारा तापायचा आणि स्वतःचा जीव वाचवायला बंद पडायचा. सांगलीत असा अँप्लिफायर शोधणं हा अण्णांचा जन्मभराचा उद्योग होता.

त्यांनी रेकॉर्ड उचलून पाकिटात घातली, प्लेअरवर झाकण टाकलं आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. सूर्य मावळायच्या आत आम्ही जेवलो. आमच्याकडे तशीच पद्धत. ताकभात कालवताना म्हणाले, “पुढच्या रविवारी तांबोळीकडे जातोय. त्याच्याकडं लोक आपापले अँप घेऊन येतात. एखादा सापडेल.”

“सापडेल की.”

“तू येतीस?”

“मी येऊन काय करू, अण्णा? मला त्यातलं काय कळतंय?”

“बरं,” ते म्हणाले, आणि लोणचं मागितलं.

सोमवारी सकाळी ते केस कापायला गेले. सलूनच्या खुर्चीत बसल्यावर डोळे मिटून घ्यायची त्यांची सवय होती, त्यामुळे महादेवला काही वेगळं वाटलं नाही. अर्धे केस कापून झाल्यावर तो म्हणाला, “अण्णा, मान जरा खाली घ्या.” मग परत म्हणाला. मग कात्री खाली ठेवून तो आमच्या घराकडे पळत आला.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी कॉलेजातून निवृत्तही झाले. पण मला सांगायचंय ते त्या सोमवारचं नाही, त्यानंतरच्या दिवाळीतलं आहे.

आई मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना गेली. माझं लग्न एकदा ठरता ठरता राहिलं, नंतर तो विषय ना अण्णांनी काढला ना मी. विश्रामबागेतल्या त्या घरात आम्ही दोघं राहिलो. दोघांच्या घरात बोलणं फार असेल असं लोकांना वाटतं. आमच्यात गॅस संपलाय, वीजबिल भरलं, पाऊस येईल असं वाटतंय, एवढं बोलणं होतं. मी इतिहास शिकवत होते, पुस्तकांत बुडालेली असायचे. रविवारी दुपारी जेवणं झाली की अण्णा रेकॉर्ड लावायचे, संध्याकाळच्या जेवणापर्यंत. मी टेबलाशी माझं काहीतरी करत असायचे. त्यांचं ऐकणं त्यांचं होतं, जसं माझं वाचणं माझं. दोन माणसं एकाच खोलीत दोन वेगळ्या कामांना बसावीत तसे आम्ही बसत होतो. त्यात उणं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

ते गेल्यावर निपाणीहून आत्या आली, पंधरवडाभर राहिली आणि गेली. मग कळलं, की घरात फ्रीजचा आवाज येतो. तो पूर्वीही येत असणार. रविवारी दुपारी मी रेडिओ लावून बघितला, टीव्ही लावून बघितला, दोन्ही बंद केले. भेटायला येणारे विचारत, “एकटीला भीती नाही ना वाटत?” भीती नव्हती वाटत. पण मला त्या दोन पेट्यांचा आवाज पाहिजे, हे कुणाला कसं सांगायचं? ज्या गोष्टीतलं मला काही कळत नव्हतं, तिची आठवण यावी याचं माझं मलाच नवल वाटत होतं. स्पीकरवर मी आईची जुनी शाल पसरून ठेवली होती.

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा तांबोळी सर आले. रशीद तांबोळी. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आणि अण्णांचे पन्नाशीपासूनचे दोस्त. आल्या आल्या त्यांनी शालीचं टोक उचलून पाहिलं.

“हे काय गं? पडदानशीन करून ठेवलंस?”

“धूळ बसते, सर.”

“धुळीनं काय होत नाही. न वाजल्यानं होतंय. आतली रबरं वाळतात. वर्षभर असे पडून राहिले, तर मग यांच्यावर फक्त कुंड्या ठेवायच्या.” ते बसले. पाणी प्यायले. “बेळगावला अंगडी म्हणून आहेत. कापडाचे व्यापारी. असल्या जुन्या पेट्या सांभाळणारा माणूस आहे, चांगली काळजी घेणारा. भूपाल असतानाच तो दोनदा विचारून गेला होता.”

“अण्णा काय म्हणाले होते?”

“म्हणाले, घरात माणूस आहे ऐकायला.” सर हसले. “स्वतःबद्दल असं बोलायची त्याची तऱ्हा. तर बघ. तू काय, वाचणारी बाई. तुला कशाला हा पसारा?”

ते खरंच होतं. मी म्हटलं, “रविवारी बोलवा त्यांना.” आणि सर उठून दारापर्यंत गेल्यावर तोंडून निघून गेलं, “सर, त्याआधी एकदा पूर्वीसारखे वाजतील का ते?”

“अँप मिळाला तर वाजतील की.”

“वाजले तर मी देणार नाही. नाही वाजले, तर घेऊन जाऊ देत त्यांना.”

सर चपला घालता घालता थांबले. “सोप्या नाहीत या पेट्या,” ते म्हणाले. “पण बघू.”

दुसऱ्याच दिवशी ते डॉक्टर जोगळेकरांना घेऊन आले. जोगळेकर दातांचे डॉक्टर, सरांच्या रेकॉर्ड ऐकणाऱ्या मंडळातले सर्वांत बडबडे. त्यांनी स्वतः जोडलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणला होता. वर काचेचे चार दिवे, पेटल्यावर नारिंगी दिसणारे.

“दिवसभर पेशंटांच्या किंकाळ्या ऐकतो, मगदूम मॅडम,” ते म्हणाले, “म्हणून घरी गोड आवाज लागतो.”

“गोड फार झाला तुमचा,” सर म्हणाले. “दात किडतील.”

या मंडळाचे काही नियम होते, ते मला त्या दिवशी समजले. ज्याचा अँप असेल त्यानं रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. दुसऱ्याच्या घरातल्या स्पीकरला हात लावायचा नाही, इंचभरही हलवायचे नाहीत. ज्यानं ते लावले त्यानं काहीतरी विचार करूनच लावलेले असतात. आणि निकाल घरच्या माणसानं द्यायचा. वायरी जोडून झाल्यावर सरांनी मला अण्णांच्या वेताच्या खुर्चीकडे नेलं.

“इथं बस. हीच त्याची जागा.”

त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. ते असताना प्रश्नच नव्हता, आणि गेल्यावर धीर झाला नव्हता. बसले. वेताला त्यांच्या अंगाचा खोलगट आकार आलेला होता, त्यात मी नीट मावत नव्हते. डॉक्टर स्टुलावर, सर अँप्लिफायरजवळ उभे. मुलतानीच लावली, कारण मी तीच मागितली.

तंबोरे सुरू झाले. मग गाणाऱ्या बाईंचा पहिला षड्ज आला, आणि मला समजलं की हे ते नाही. आवाज गोड होता, खरंच फार गोड. पण आमच्या घरात त्या बाई हॉलच्या मधोमध बसून गायच्या. डोळे मिटले तर हात लांब करून त्यांच्या पदराला शिवता येईल अशा. आज त्या डावीकडच्या पेटीत जाऊन बसल्या होत्या आणि आतून बोलत होत्या. उजवीकडे नुसती सळसळ.

बाजू संपली. डॉक्टरांचा चेहरा परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलासारखा झाला होता.

“छान आहे,” मी म्हटलं. “पण असं नव्हतं ते. बाई डावीकडे गेल्यात.”

“डावीकडे?” डॉक्टर म्हणाले. “माझ्याकडे तर मध्ये असतात. खर्जाला जरा सैल पडतो, ते मान्य. पण बाई कशा जातील डावीकडे?”

“उजवीकडचा व्हॉल्व्ह म्हातारा झाला असेल,” सर म्हणाले. “या पेट्यांना दिव्याचा अँप पुरणारच नाही. उद्या दुसरा बघू.”

दुसरा अगदीच चिमुकला निघाला. शाळेतल्या डब्याएवढा. नव्या पद्धतीचा, तापतच नाही म्हणे. सरांनी तो एका हातावर तोलत आणला होता.

“एवढासा?” मी म्हटलं.

“आकार बघू नकोस. आता सगळं असंच निघतंय.”

तो तापला नाही, बंदही पडला नाही. सगळं लख्ख ऐकू येत होतं, बाईंचा श्वाससुद्धा. पण इस्पितळातल्या फरशीवर कुणीतरी गात असावं तसं वाटलं, आणि बाई पुन्हा डावीकडेच. मी काही बोलायच्या आधीच सरांनी माझा चेहरा वाचला.

“परत डावीकडे?”

“हो.”

त्यांनी मागे जाऊन वायरी पाहिल्या, घट्ट केल्या, परत लावलं. तेच.

शनिवारी सर आणि डॉक्टर दोघं मिळून तिसरा अँप घेऊन आले. सरांच्या स्वतःच्या घरातला, जुना, जपानी, पुढं दोन मोठे काटे असलेला. दोन म्हाताऱ्यांनी तो जिना चढवताना केलेला आरडाओरडा शेजारच्या सबनीस वहिनींनी दार उघडून ऐकला.

“कमरेतनं नको उचलू, डॉक्टर, गुडघ्यातनं!”

“माझे गुडघे माझ्या बायकोच्या ताब्यात आहेत. तुम्ही खाली टेकवा आधी.”

“टेकवला तर परत कोण उचलणार? तुझा बाप?”

शेवटी तो टेबलावर बसला तेव्हा दोघं घामानं निथळत होते. मी लिंबाचं सरबत दिलं. सर त्या अँप्लिफायरवर हात ठेवून म्हणाले, “याचं आत बघशील तर नुसतं तांबं आणि लोखंड. वॉट किती हे लोक विचारतात. वॉटला काय करायचंय? चढावर गाडी ओढतो की नाही, ते बघायचं. भूपालला मी हा कितीदा देऊ केला. म्हणायचा, तुझ्या घरातला आवाज काढून मी माझ्या घरात नेऊ का?”

रेकॉर्ड लागली. तंबोरा सुरू झाला आणि जमिनीतून, पायाच्या तळव्यांतून काहीतरी वर आलं. मला आठवलं, लहानपणी मी फरशीवर पालथी पडून वाचायचे तेव्हा पोटाला हेच जाणवायचं. खर्ज खाली गेला तरी अँप्लिफायर ढिम्म. काटे जरासे हलले, एवढंच. सरांनी डोळ्यांनीच विचारलं. मी मान हलवली, हो. हा तसाच आहे. हा अण्णांच्या अँपपेक्षा चांगलाच आहे.

आणि तरीसुद्धा बाई डावीकडे.

या वेळीही सरांनी स्वतःच ओळखलं. त्यांनी अँप्लिफायरच्या मागच्या वायरींची अदलाबदल केली. उजवीकडची डावीकडे, डावीकडची उजवीकडे. “आता अँपचा दोष असेल तर बाई उजवीकडे जातील,” ते म्हणाले. मी परत खुर्चीत बसले. बाई हलल्या नाहीत. डावीकडेच.

मग ते उजव्या स्पीकरपाशी गेले, गुडघे टेकून त्याला कान लावला. बराच वेळ तसेच राहिले. माझ्याकडे त्यांची पाठ होती.

“जवळून वाजतोय,” ते उठत म्हणाले. “पण दम नाही राहिला. खुर्चीपर्यंत पोचत नाही त्याचा आवाज. पद्मजा, अँपचा दोष नाहीये बाळ. उजवा गेलाय.”

“दुरुस्ती?”

“तो कारखानाच आता राहिला नाही. आतला भाग जगात कुठं मिळणार नाही. अंगडींच्याकडं निदान दोनचार जुन्या पेट्या आहेत, कशातलं काय काढून ते यात बसवतील. जगेल तरी.”

डॉक्टर जोगळेकरांनी सरबताचे पेले उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवले.

ते गेल्यावर, उजेड होता तोवर, मी दोन्ही स्पीकर पुसले. आधी सुक्या फडक्यानं, मग खोबरेल तेलाचं बोट लावून. उजव्याला जरा जास्त वेळ लागला. मी त्याला काही बोलले नाही, पण शाळेत नापास झालेल्या मुलाकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत होते, म्हणजे रागावून आणि रागावता न येऊन. मग सूर्य मावळायला आला, मी जेवून घेतलं.

रविवारी सकाळी अंगडी आले. टेम्पो खाली उभा केला. साठीचे, पांढराशुभ्र बुशशर्ट, कपाळावर विभूतीचे पुसट पट्टे, हातावर चार जाड वाकळा. दारात चपला काढतानाच त्यांची नजर स्पीकरवर गेली आणि तिथंच राहिली.

“आमच्या आईनं शिवलेल्या वाकळा आहेत, बाई,” ते म्हणाले. “गुंडाळून नेतो. ओरखडा पडू देत नाही बघा. गरम पाण्याची आंघोळ घालीन, पण ओरखडा नाही.”

“आंघोळ नका घालू,” डॉक्टर म्हणाले.

“बोलायची पद्धत हो.” ते हसले, मग माझ्याकडे बघून गंभीर झाले. “उचलायच्या आधी एकदा इथंच ऐकू दे की. ह्या घरातलं ऐकून नेतो. तिकडं गेल्यावर पेटी तीच असती, पण घर वेगळं पडतंय.”

सरांचा अँप अजून जोडलेलाच होता. सरांनी रेकॉर्ड लावली आणि मंडळाच्या रिवाजाप्रमाणं अंगडींना अण्णांच्या खुर्चीकडे नेलं. पाहुण्याला सर्वांत चांगली जागा. अंगडी खुर्चीला आधी हात लावून, हात कपाळाला लावून बसले.

मला बसायला जागा उरली नव्हती. दिवाणावर वाकळा होत्या, स्टुलावर डॉक्टर. मला तसंही समोर उभं राहून ते बघायचं नव्हतं. मी मागे सरकत सरकत स्वयंपाकघराच्या दाराजवळ गेले आणि जेवणाच्या टेबलाशी माझ्या खुर्चीत बसले.

तंबोरे सुरू झाले.

मग बाईंनी षड्ज लावला, आणि त्या हॉलच्या मधोमध बसल्या होत्या. अंगडींच्या पलीकडे, जमिनीवर, पदर पसरून. तंबोरे त्यांच्या दोन्ही बाजूंना. उजवीकडचा तंबोरा डावीकडच्या इतकाच भरलेला. मी श्वास धरून ठेवला. हललं की जाईल असं वाटत होतं. गेलं नाही. त्यांनी निषाद घेतला, तो माझ्या अगदी समोरून आला.

“थांबा,” मी म्हटलं.

बाजू चालू असताना बोलायचं नसतं. सरांनी चमकून पाहिलं.

“थांबवू नका. रेकॉर्ड थांबवू नका. सर, इकडे या. तुम्ही पण या, अंगडीसाहेब. इथं या.”

सर आले. मी उठले आणि त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. ते क्षणभर ऐकत राहिले, मग त्यांचा हात हळूहळू तोंडाकडे गेला. ते उठले, अंगडी बसले. अंगडींनी डोळे मिटले आणि एवढंच म्हणाले, “अय्यो.”

“काय आहे? काय झालं?” डॉक्टर स्टूल घेऊनच आले. ऐकलं. “अहो सर! कालपासून आपण चांगल्या दाताला कीड लागली म्हणत होतो की!”

सरांनी अंगडींच्या सामानातली सुतळी मागितली. सुतळीचं एक टोक डॉक्टरांनी डाव्या स्पीकरच्या कोपऱ्याला धरलं, दुसरं सरांनी टेबलाशी माझ्या खुर्चीच्या पाठीला. मग तसंच उजव्याचं. दोन्ही सुतळ्या सारख्या भरल्या. सर स्पीकरमागे खाली बसून, एक डोळा मिटून, पेटीच्या कडेवरून बघत राहिले. दोन्ही पेट्यांची तोंडं थोडी तिरकी होती. ती तिरकी आहेत हे मी रोज केर काढताना बघत होते. ती कुठं बघतायत, हे कधी बघितलं नव्हतं.

“मग मगदूमसाहेब ऐकायचे कुठनं?” अंगडींनी विचारलं.

“त्या खुर्चीतून,” मी म्हटलं. “रेकॉर्ड बदलायला जवळ पडायची म्हणून.”

“तिथनं काय ऐकू येणार हो? डावी पेटी कानात बसल्यासारखी. मी मघाशी मनात म्हटलं, एवढा जाणता माणूस आणि...” ते थांबले.

बाई गात होत्या.

“मी विचारलं होतं त्याला,” सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “तुझी आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी. हे टेबल इथं आणलंत ना तुम्ही तेव्हा, तुझ्या अभ्यासाला? मी आलो, तर हा पेट्या ढकलत होता. कोन बघत होता, परत ढकलत होता. म्हटलं, सरळ का ठेवत नाहीस रे? तर म्हणाला, खोलीच तशी आहे. मला वाटलं, भिंतीचं काहीतरी असेल.”

ते पेटीला हात न लावता उभे राहिले.

अंगडींनी बाजू पूर्ण ऐकली. संपल्यावर टेबलावर दोन्ही हात टेकून उठले आणि वाकळा उचलायला लागले.

“अंगडीसाहेब,” मी म्हटलं, “तुम्हाला इतक्या लांबून...”

“आता काय बोलू नका, बाई. ह्यांचं तोंड तुमच्याकडं आहे. मी नेऊन काय करू?” मग जरा हसून म्हणाले, “टेम्पोवाला तेवढा शिव्या घालणार. त्याला सांगतो, पेट्या आजारी होत्या, उठल्या नाहीत.”

मी सगळ्यांना पोहे केले. डॉक्टरांनी दोनदा घेतले. निघताना सरांनी अँप्लिफायरच्या वायरी काढल्या नाहीत.

“सर, हा तुमचा...”

“राहू दे. परत जिना उतरवायची ताकद नाही आम्हा दोघांत. आणि भूपालनं घरातला आवाज नेला नाही, आता मीच आणून ठेवतो म्हण.” दारात वळून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “खुर्ची हलवू नकोस हां. टेबलाजवळची.”

टेम्पो गेला. जिन्यातले आवाज गेले. दुपार झाली होती, रविवारची. फ्रीज सुरू झाला.

मी रेकॉर्ड हातात घेतली. ती आजवर मी कधी लावली नव्हती. कडेनं धरायची, मध्ये बोट लावायचं नाही, एवढं बघून बघून माहीत होतं. सुई खाली ठेवताना जरा घसरली आणि एक ओरखड्यासारखा आवाज आला. मग मी टेबलाशी जाऊन बसले. समोर पेपर नव्हते, पुस्तक नव्हतं. नुसती बसले.

पूर्ण बाजू ऐकली. असं मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तरी पुढं काय येणार ते मला ठाऊक होतं. बाई कुठं थांबतात, कुठं तबलजीकडे बघून हसल्या असतील, कुठं तान घेताना श्वास अपुरा पडतो, सगळं. कधी शिकले मी हे?

आणि बाजू संपत आली तशी एक गोष्ट आठवली. दर वेळी सुई उचलल्यावर, रेकॉर्ड उलटायच्या आधी, अण्णा चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे. क्षणभरच. मला वाटायचं, आवाजाचा त्रास होतोय का ते विचारतायत. मी मान हलवायचे, चालू दे म्हणून, आणि खाली बघायचे. मग ते रेकॉर्ड उलटायचे. इतक्या वर्षांत त्यांनी याहून जास्त काही विचारलं नाही.

मुलतानी संपली. सुई शेवटच्या रेघेत जाऊन फिरत राहिली, खस्स, खस्स. उन्हाचा पट्टा वेताच्या खुर्चीवर आला होता.

मी तिच्याकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हटलं, “अण्णा, हीच बाजू परत लावा ना.”